दोघांच्या सहीने

३ एप्रिल
आज एफडी केली. एका वर्षाची. कोपऱ्यावरचा ड्रायक्लीनर पुढच्या एप्रिलमध्ये गाळा सोडणार आहे आणि हिला तो शिवणकामासाठी घ्यायचाय. तोवर अनामतीची रक्कम कुठेतरी सुरक्षित पडून राहायला हवी. सध्या हिचं मशीन बाहेरच्या खोलीत आणि मापं द्यायला आलेल्या बायका स्वयंपाकघरात. मला स्वतःच्याच घरात बसायला जागा विचारावी लागते.
रक्कम आमची दोघांची. त्यातला बराचसा भाग हिच्या शिलाईचा, पण शिस्त माझी.
बँकही मीच निवडली. ठेवीला विमा असलेली. बँक बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे परत मिळतात, आणि आमची रक्कम त्या मर्यादेच्या आत बसते. काउंटरवरच्या बाईंना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांना माहीत होतं म्हणे.

४ एप्रिल
काल महत्त्वाचंच लिहायचं राहिलं. पैसे काढायचे ते ‘कोणाही एकाच्या सहीने’ की ‘दोघांच्या सहीने’, असं फॉर्मवर विचारलं होतं. मी दुसऱ्यावर खूण केली. हिचा काय भरवसा? कुठे कापडाचा सेल लागला आणि उद्या एफडी मोडून आली तर? आता माझ्या सहीशिवाय एक पैसा हलणार नाही. हिला सांगितलं. ‘बरं’ म्हणाली. मनातून खट्टू झाली असणार.

१९ एप्रिल
ऑफिसात डबा खाताना सर्वांना ठेव-विम्याची माहिती दिली. अकाउंट्सवाला मध्येच उठून गेला. त्याच्या पैशांचं काय होणार, देव जाणे.

७ जून
ऑफिसच्या स्टोअरमध्ये एकजण आहे, त्याला आम्ही ‘दोन टक्के’ म्हणतो. आपल्याला जे मिळतं त्यापेक्षा त्याला कायम दोन टक्के जास्त मिळतात. आज त्याने एका नव्या गुंतवणूक संस्थेची माहिती दिली. व्याज बँकेच्या जवळजवळ दुप्पट. विमा आहे का, मी कडक आवाजात विचारलं. विमा नाही, पण संचालकांचा मेहुणा त्याच्या ओळखीचा आहे. मी नुसता हसलो. माझ्यासारख्याला असल्या थापा मारू नयेत.

८ जून
दुप्पट म्हणजे जरा जास्तच आहे.

११ जून
संस्थेच्या ऑफिसात सहज डोकावून आलो. फक्त बघायला. काचेचं दार, एसी, बसायला सोफा. आमच्या बँकेत एक पंखा आहे आणि त्याचं तोंड मॅनेजरकडे. एवढा मोठा सोफा घेणारी माणसं पळून कशाला जातील?

१२ जून
हिशेब मांडला. आत्ता एफडी मोडली तर थोडं व्याज कापलं जाईल. पण एप्रिलपर्यंत संस्थेत इतकं साठेल की गाळा येईल, हिला दुसरं मशीन येईल आणि मला एक आरामखुर्ची. हे सगळं तुझ्यासाठीच करतोय, असं हिला सांगितलं. खुर्चीचं बोललो नाही. हिने विचारलं, तिथे विमा आहे का? म्हटलं, विमा भित्र्यांना लागतो. त्यावर हिने एफडी मोडायचा फॉर्म मागून घेतला आणि लगेच सही करून दिली. वाद नाही, काही नाही. मला हल्ली माणसं पटवणं चांगलंच जमायला लागलंय.

१४ जून
फॉर्म परत आला. हिची सही जुळत नाही. शेवटचं अक्षर वर जायला हवं, ते खाली गेलंय.

१७ जून
दुसरा फॉर्म. हिने अगदी मन लावून, ओठ दाबून सही केली. परत. आता सुरुवातीचंच अक्षर वेगळं. जन्मभर फक्त मापं लिहिणाऱ्या बाईकडून अपेक्षा तरी काय करणार.

२२ जून
हिला सही शिकवायला घेतली. जुन्या कागदांवर मी टिंबं काढून दिली, हिने ती गिरवली. अर्धा तास उत्तम जमलं. फॉर्म पुढे ठेवला की हात लटपटतो. महत्त्वाच्या कागदांची भीती वाटते म्हणाली. बिचारी. मला खरोखर वाईट वाटलं.

३० जून
हिला घेऊनच बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंच्या डोळ्यांदेखत सही. नाही जुळली. कात्री धरून धरून बोटं आखडली आहेत, असं हिने सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांचीही आखडतात. त्यांना कुठे कात्री धरायची असते? मग दोघी बाह्यांच्या फॅशनवर बोलत बसल्या. बँका फार मागासलेल्या आहेत.

९ जुलै
‘दोन टक्के’ने होतं नव्हतं ते सगळं संस्थेत टाकलं. मुलाच्या कॉलेजच्या फीचे पैसेसुद्धा. पहिलं व्याज आलं म्हणून ऑफिसभर आइस्क्रीम वाटलं. मी रागाने खाल्लं नाही. दोन कप म्हणजे काही खाणं नव्हे.

२५ ऑगस्ट
सहावा फॉर्म परत. बाईंनी सुचवलं, घरी एकदा शांतपणे विचार करा. म्हटलं, माझा विचार झालेला आहे, फक्त हिचं अक्षर सुधारायचंय.

३ ऑक्टोबर
हिच्याशी भांडलो. तुझ्या एका सहीपायी रोजचं व्याज बुडतंय, म्हटलं. हिने मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं, ‘चुकलंच माझं’ म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केलं. इतक्या पटकन चूक मान्य करणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

१८ नोव्हेंबर
संस्थेच्या काचेच्या दाराला कुलूप. ‘दोन टक्के’ सकाळी तिथूनच आला आणि स्टोअरमधल्या रिकाम्या खोक्यावर बसून राहिला. आत सोफासुद्धा नाही, म्हणाला. मी त्याला चहा आणून दिला आणि विमा असलेल्या ठेवींबद्दल चार शब्द सांगितले. चहा त्याने घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोराला काय तोंड दाखवू?” मी रिकामा कप घेऊन परत आलो.

१९ नोव्हेंबर
ऑफिसात माझं कौतुक चाललंय. मला आधीच कुणकुण लागली होती म्हणून हात आवरला, असं सांगितलं. सहाही फॉर्म मी मुद्दाम सावकाश भरत होतो, असंही सांगून बसलो. ते जरा जास्त झालं. पण आतून कुठेतरी मला कळलं होतंच. घरी आल्यावर हिलाही तेच ऐकवलं. ही म्हणाली, तुमचं लक्ष असतं म्हणून बरं.

३ एप्रिल
मुदत संपली. दोघं बँकेत गेलो. मी हिला धीर देत होतो, घाबरू नकोस, आधी टिंबं डोळ्यांपुढे आण. हिने बाईंशी बोलताबोलता, कागदाकडे नीट न बघता एका झटक्यात सही केली. बँकेतल्या नमुन्यासारखी. बाईंनी ती जुळवूनसुद्धा पाहिली नाही.
पैसे जमा होईपर्यंत बाकावर बसलो होतो. मला कळायला तेवढा वेळ लागला. म्हटलं, सरळ नाही म्हणायचं होतंस.
ही म्हणाली, “नाही म्हटलं असतं तर तुम्ही मला समजावत बसला असता आणि मी कधीतरी कंटाळून हो म्हटलं असतं. सही चुकली की तुम्ही मला हसायचात आणि आठवडा निघून जायचा. हसलेलं मला चालत होतं. गाळा गेलेला चालला नसता.”
आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, आणि ती लपवायला मी पंख्याकडे बघत राहिलो.
मग हिने दुकानाचं नवं खातं उघडलं. याच बँकेत, विमा असलेलं, एकटीच्या नावावर. मी पेन काढून बाईंना विचारलं, माझी सही कुठे करायची? त्यांनी फॉर्म पुढूनमागून पाहिला.
“तुमचं नाव आहे ना, नॉमिनी म्हणून,” त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “पण त्याला सही लागत नाही.”
मी पेनाला टोपण लावलं.