तोकडा झालेला फ्रॉक

प्रिय ताई,

आधी बातमी, मग बाकीचं. पिटुकलीचा निळा फ्रॉक तोकडा झाला! चार महिन्यांपूर्वीच शिवलेला, दोनदा खालची पट्टी उसवली, आता उसवायलाही काही उरलं नाही. मी मशीनवरून उठून तो अख्ख्या गल्लीला दाखवून आले. इस्त्रीवाल्याला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

तुला आठवतं ना, सहाव्या महिन्यात शिवलेलं झबलं तिला चौदाव्या महिन्यातही बसत होतं आणि मी ते तुला कौतुकाने सांगितलं होतं. दिवसभर लोकांच्या पोरांची मापं घेणारी मी, आणि घरचं माप मला दिसलं नाही! सासूबाई म्हणायच्या, आमच्याकडची चणच बारीक. मलाही तेच सोयीचं वाटलं. तू नर्स, तू तिच्या दंडाला ती घेर मोजायची रंगीत पट्टी लावलीस, ती लाल रंगावर थांबली. तू म्हणालीस, ही चण नाही, ही उपासमार आहे. माझ्या घरात, तीन वेळ चूल पेटत असताना! मी किती भडकले होते.

पण खरं तेच होतं गं. पचायला हलकं म्हणून मी तिला वरणाचं, भाताचं नुसतं वरचं पाणी पाजत होते. वाटी रिकामी व्हायची, पोट भरायचं, पोरगी भरत नव्हती. तू गेल्यावर आठ दिवसांत ती तापाने मलूल झाली, तेव्हा मुकाट्याने दवाखाना गाठला. दोन आठवडे तिथे राहिलो. आता घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट, वर तेल, दिवसातून पाच वेळा. उंची अजून मागे आहे, ती भरून यायला वेळ लागेल, कदाचित पुरती येणारही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण पट्टी हिरवी आली, ताई! आणि बाईसाहेब आता सासूबाईंचा चष्मा पळवून पलंगाखाली दडतात.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण त्या दिवशी मी तुला म्हणाले होते की, तुला मूल नाही, तुला काय कळणार. वर्ष झालं, त्या वाक्याची माफी मागायला मला तोंड नाही. फोनवर मागितली असती तर तू 'जाऊ दे गं' म्हणून मोकळी झाली असतीस. जाऊ देऊ नकोस. ये, आणि आधी माझ्याशी कडाकडा भांड.

तुझीच,
अजून न सुधारलेली धाकटी