खडूसारखं

मंगळवार, ३ तारीख. सकाळ.
नोकरी सोडून डिझायनर झाल्यावरचं पहिलं काम मिळालं! कोपऱ्यावरच्या नव्या कॅफेचा मेनूबोर्ड. मालकीणबाईंनी भिंत काळी रंगवून घेतलीय. त्यावर हाताने काढलेली खडूची अक्षरं हवीत. शनिवारी उद्घाटन. म्हटलं, एका दुपारचं काम.
बायको म्हणाली, हे जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून माझ्या दादाच्या फरशीच्या दुकानात बसायचं. त्याला शब्द दिलाय मी.
बसतंय माझं खेटर!

मंगळवार, दुपार.
खडूसारख्या अक्षरांचा तयार फॉन्ट कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. शब्द टाइप केले. काम तमाम. इतकं सोपं असतं हे गिऱ्हाइकांना कळू देता कामा नये. झोपलो.

बुधवार.
बायकोने स्क्रीनकडे बघून विचारलं, तुझ्या सगळ्या 'क'चा टवका एकाच जागी कसा उडालाय? म्हटलं, स्टाइल आहे. ती अंघोळीला गेल्यावर झूम केलं. कॉफी, केक, कुकी. मेले सगळे जुळे.
फॉन्ट रद्द. आता हाताने. म्हणजे माउसने. एकच ते.

गुरुवार.
माउसने काढलेलं 'सँडविच' भूकंपाच्या नोंदीसारखं दिसतंय. मग कडा कुरतडल्या, वर भिंतीच्या फोटोचं टेक्श्चर चढवलं. सुरेख! तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. सेव्ह केलं नव्हतं. मोठे कलाकार पहिला प्रयत्न टाकूनच देतात.
मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, पंख्याखालची खुर्ची ठेवू का तुमच्यासाठी? फोन कट केला. 'सँडविच' पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतलं.

शुक्रवार.
झालं! डस्टर फिरवल्याचा फिकट डागसुद्धा मुद्दाम रेखाटलाय. प्रिंट, लॅमिनेशन, थेट भिंतीवर. मालकीणबाईंनी अक्षरावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. म्हणाल्या, खडू हाताला लागत नाही हो. म्हटलं, हीच तर गंमत! त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. भारावल्या असाव्यात.

शनिवार, सकाळ.
मालकीणबाईंचा फोन. म्हणाल्या, कॉफीचा भाव बदललाय, पुसून नवा लिहा. आणि 'आजचा केक' रोज बदलायचा बरं का.
म्हटलं, पुसता येत नाही. म्हणाल्या, खडू आहे ना? म्हटलं, खडूसारखं आहे.
मग म्हणाल्या, पाहुणे निघालेत. खरा खडू घेऊन या. अक्षर तुमचंच आहे ना ते?
'हो' म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

शनिवार, दुपार.
लॅमिनेशनवर खडू घसरतो. प्रिंट उचकटला. पाहुणे दारात, मी स्टुलावर. 'कॉफी' मध्यावर सुरू झाली आणि चढत चढत ट्यूबलाइटपर्यंत गेली. डावा हात हवेत चूक मागे घेणारी कंट्रोल-झेडची बटणं शोधत होता. मालकीणबाईंनी माझ्या हातातला खडू हळूच काढून घेतला, लहान मुलाकडून कात्री घेतात तसा. म्हणाल्या, उतरा भाऊ, पडाल.

सोमवार.
फरशीचं दुकान. तात्पुरतं. सल्लागार म्हणून.
मेहुण्याने मालाचे फोटो कॉम्प्युटरवर टाकायला सांगितले. म्हटलं, अस्सल संगमरवराचा इफेक्ट देऊ का?
म्हणाला, भावोजी, तो संगमरवरच आहे.