पाठीवरचा गेरूचा पंजा

विलेपार्ले,
९ एप्रिल १९५७

प्रिय सहदेव,

माझं अक्षर ओळखूनही पाकीट उघडलंस, एवढ्यावरच मी खूश आहे. पार्ले ते मुलुंड, सायकलने तास-सव्वा तासाची वाट, आणि मी तुला पोस्टाने गाठतोय. अकरा महिने झाले रे. सोबत आपल्या सायकल मंडळाचं छापील आमंत्रण आहे. पाच मेला, रविवारी, आपली शर्यत. नेहमीसारखीच, घोडबंदर रोडने दहिसरच्या पुलापर्यंत आणि परत. तू आलास तरच यंदा मी शर्यतीत उतरणार, नाहीतर नुसता शिट्टी फुंकत उभा राहीन. का ते सांगायला जरा वेळ लागेल, दम धर.

इकडे माझी रोजची वाट लागलेलीच आहे. पहाटे साडेचारला उठतो, बोरिवलीपर्यंत दामटून येतो, अंघोळ, दोन घास, की निघालो फोर्टात हापिसला. गेल्या आठवड्यात विम्याच्या फायलीत साहेबाला स्पर्धकांची यादी सापडली. बिचाऱ्याने न वाचताच सही ठोकून परत पाठवली. संध्याकाळी पोलीस चौकीत परवानगीचा अर्ज, मग छापखाना, मग सरबताला बर्फ कोण देतो त्याचा शोध. प्रेमा म्हणते, त्या सायकलीशीच लग्न लावायचं होतं. बायकोच ती, बोलणारच. पण तिचं दुसरं एक वाक्य मला अजून सलतं. मागे तू जेवायला आला होतास, तुला आग्रह करकरून पुरणपोळी वाढत ती म्हणाली होती की सहदेवभाऊजी सायकल चालवतात आणि तुम्ही ती ढकलता. तू हसलास. मीही हसलो. पण त्या दिवसापासून आमच्या घरी पुरणपोळी झाली की माझी भूक मरते.

खरंच सांगतो, मी तुझ्यावर जळायचो. जळायचो कसला, अजून जळतो. माझी विलायती सायकल, हलकी फुलासारखी, रोज पुसलेली. तुझं ते छापखान्याचे गठ्ठे पोचवायचं धूड. शनिवारी कॅरिअर काढायचास, सोमवारी परत लावायचास, झाली तयारी! मी दूध-अंडी खाऊन वेळापत्रक पाळायचो आणि तू शर्यतीच्या सकाळी मिसळ हाणून यायचास. आणि तरी चढावर तू असा निघून जायचास की जणू मी उभाच आहे. देवाने एकाला पाय द्यावेत आणि दुसऱ्याला नुसती हौस द्यावी, हा कुठला न्याय, यार?

आता गेल्या वर्षीचं. पुलापर्यंत न जाता अर्ध्यातूनच कुणी परतू नये म्हणून गेरूच्या पंजाची युक्ती माझीच. पुलावर तालमीतले गुणाजी वस्ताद गेरूची बादली घेऊन बसणार, वळणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर ओल्या हाताची थाप देणार. पाठीवर पंजा नाही तर नंबर नाही. नियम माझ्याच हाताने लिहिलेला, सेक्रेटरी ना मी!

तू पुलावर वळलास तेव्हा मी पन्नास पावलं मागे होतो. वस्तादांनी तुझ्या पाठीवर अशी थाप मारली की आवाज मला ऐकू आला. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस, हात हलवलास आणि निघालास. पुढे गोरेगावात, त्या उन्हात, तू चक्क सायकल आडवी टाकलीस, विहिरीवर बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलंस, बनियन काढून पिळलंस आणि परत चढवलंस. मी तुला गाठलं, मागे टाकलं. वाटलं, आज जमलं! अर्ध्या मैलात तू पुन्हा माझ्या पुढे. भर शर्यतीत अंघोळ करूनही तू चार मिनिटांनी पहिला आलास. त्या चार मिनिटांनी माझं डोकं फिरलं.

टेबलापाशी तुझी पाठ पाहिली तेव्हा बनियनवर फिकट डाग तेवढा होता. धूळ म्हणा, घाम म्हणा. वस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, तीसेक पाठी बडवल्या, तोंडं कोण बघतो! सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. आणि पहिल्या नंबरावर स्वतःचं नाव लिहिलं.

मी पाहिलं होतं, हे तुला ठाऊक होतं. वळून हात केला होतास तू मला. विद्याधरला विचारा, एवढं म्हणाला असतास तरी मला खोटं बोलावं लागलं असतं, किंवा खरं. तू काहीच म्हणाला नाहीस. एकदा माझ्याकडे पाहिलंस, मी कागदात तोंड खुपसलं, आणि तू सायकल घेऊन निघून गेलास. पुढच्या महिन्यात मुलुंडच्या कारखान्यात नोकरी धरलीस, खोलीही तिकडेच घेतलीस. लोक म्हणाले, नोकरीसाठी गेला. मीही तसंच म्हणत राहिलो.

पहिल्या नंबराचा कप घरात आल्यावर आठ दिवस छान वाटलं, खोटं कशाला सांगू. मग कुणी अभिनंदन केलं की मी विषय बदलायला लागलो. पहाटे रस्त्यावर कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, मग मी पळतोय कुणाच्या नावाने, तेच कळेना. पूर्वी तुझ्या पायांवर जळायचो, आता तुझ्या त्या गप्प बसण्यावरही जळतो. ते मला सात जन्मात जमायचं नाही.

परवा रविवारी मंडळाची वार्षिक सभा झाली. सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि पूल, विहीर, सगळं सांगून टाकलं. वस्ताद सभेतून उठून गेले. कप आता तुझ्या नावावर आहे, सेक्रेटरीपद मी सोडलंय, आणि तुला हे आमंत्रण पाठवणं हे त्या खुर्चीतलं शेवटचं काम मी मागून घेतलं. हे सगळं कुणा तिसऱ्याकडून तुला कळू नये म्हणून. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणतो. येऊन मला चांगला दणकून हरव. आणि माझी कीव येऊन जर एक पाय जरी हळू मारलास ना, तर लक्षात ठेव, जन्मात तुझं तोंड बघणार नाही.

तुझाच, आणि तुझ्यावर अजून जळणारा,
विद्याधर