डेटलेफचा गुडघा

प्रिय हेडविग,

मी बरा आहे. पाय सुजलेत, पण दोन दिवस हॉलमधल्या फुटबॉलच्या मैदानाभोवतीच्या फळीच्या दाराशी उभं राहून कुणाचे सुजणार नाहीत? तू दिलेली सॉसेजं संघातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी फस्त केली. मार्लीसचा खोकला गेला का?

तिचा डेटलेफ, आपला जावई, चार गोल मारून बसलाय, हे तिला सांग. त्याचा करार या स्पर्धेवरच अडला होता.

उपांत्य सामन्यात फळीवर आपटून त्याचा जुना गुडघा पुन्हा दुखावला. आतला खेळाडू बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला आत सोडायचं नाही, हा इथला नियम, आणि दार माझ्याकडे. डेटलेफ लंगडत निघाला. करार ज्यांच्या हाती, त्या आमच्या संघाच्या ब्रिंकमनसाहेबांनी त्याच्याकडे मान वळवली असती, तर संपलंच होतं. मी दार मुद्दाम आधीच उघडलं. बदली खेळाडू आत धावला, मैदानात सहाचे सात झाले, शिट्टी वाजली. शिक्षा म्हणून दोन मिनिटं एक माणूस कमी, तेवढ्यात दोन गोल बसले आणि आम्ही हरलो.

"म्हाताऱ्या, सहापर्यंत मोजता येत नाही का?" ब्रिंकमनसाहेब ओरडले.

"शाळा लवकर सोडली, साहेब," मी म्हणालो. पोरं हसली. डेटलेफकडे कुणी पाहिलंच नाही.

आज सकाळी त्याने वर्षभराच्या करारावर सही केली. आता पुढच्या गावच्या हॉलला निघालोय. बसमध्ये त्याच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मी वर माझा कोट टाकलाय.

"बाबा, वर्षभर असंच झाकायचं?" त्याने हळूच विचारलं.

मी कोट आणखी खाली ओढला. मार्लीसला यातलं काही कळू देऊ नकोस.

थकलेला, तुझाच
अल्फॉन्स