ड्रॅगन मरतो ते पान

प्रिय ताई,

लहानपणी तू मला वाचून दाखवायचीस ती ड्रॅगनची कादंबरी गेल्या रविवारी विकत घेतली. खास संग्राहकांसाठी काढलेली आवृत्ती आहे, कापडी बांधणीची, आत घडीचा नकाशा असलेली. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "भेट द्यायची आहे का?" मी म्हणालो, "हो, बहिणीला." जिच्याशी सहा वर्षं बोललो नाही, तिला भेट देतोय असं सांगून मोकळा झालो.

घरी येऊन वरचा भेटीचा कागद मीच काढला. एक्स-रे विभागात दिवसभर "श्वास रोखून धरा" एवढंच बोलतो, म्हणून रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचायला लागलो. काल पुस्तक संपलं.

ताई, शेवटी ड्रॅगन मरतो. तू वाचलंस तेव्हा तो डोंगरापलीकडे पिलांकडे गेला होता. मी गोवरानं अंथरुणात होतो, आणि तू पानं उलटत, कुठेही न अडखळता, ते सगळं मनानं रचलंस.

आईचा आजारही तू माझी परीक्षा संपेपर्यंत लपवलास. मी पोचलो तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती. सगळ्यांसमोर मी तुला खोटारडी म्हणालो, आणि तेव्हापासून बोललो नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण कालपासून तो एकट्यानं बाळगणं जड जातंय.

तुझा नंबर पाठ आहे. दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. पत्राच्या पाकिटावरही पत्ता लिहवत नाही. तू फोन उचललास, तर "ताई, ड्रॅगन मेला गं," याखेरीज मला काही बोलता येणार नाही.

तुझा,
धाकटा