परसातली माशी आणि बियाणेवाल्याची सही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा बागांत कीटकनाशक फवारणे (सोडला), डोके ठिकाणावर असताना, सकाळचा चहा पोटात गेल्यावर आणि कोणीही मागे लागलेले नसताना हे लिहून ठेवतो. बायको मागे लागलेली आहे, पण ती एकोणपन्नास वर्षे लागलेलीच आहे. वकिलांच्या मते त्याला दबाव म्हणत नाहीत.

कलम एक. राहते घर बायकोचे, तिच्यानंतर मुलाचे. शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. माजघरातला पंखा कुरकुरतो, तो दुरुस्त करू नये. त्या आवाजाशिवाय तिला झोप लागत नाही.

कलम दोन. घरामागचे परस, कुंपणापर्यंत, सूनबाईंच्या नावे. मुलाला तिथे फरशी घालून गाडी उभी करायची आहे. त्यासाठी त्याने सूनबाईंची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळणार नाही, हे मी तिला विचारूनच लिहितो आहे.

परसात औषध मारू नये, पाला जाळू नये, मागच्या दाराच्या चौकटीला भुंग्याने पाडलेली भोके बुजवू नयेत. चौकट बदलावी लागलीच तर जुनी कुंपणाला टेकवून ठेवावी.

कारण कळल्याशिवाय मुलगा ऐकायचा नाही, म्हणून तेही लिहितो.

चौतीस वर्षे मी पाठीवर पंप घेऊन लोकांच्या बागा साफ केल्या. माझा हात फिरला की मुंगी दिसायची नाही. घरच्या परसात तर दोन फवारण्या जास्तच. मग एका वर्षी हिच्या भोपळ्याच्या वेलाला फुले खंडीभर आणि भोपळा एकही नाही. फुलामागे सुपारीएवढे फळ दिसायचे, पिवळे पडायचे, गळायचे. मी तडक बियाणेवाल्याच्या दुकानात गेलो. तो माझा शाळेपासूनचा दोस्त.

“बी दिलंस की भुसा?” भर गिऱ्हाइकांत मी ओरडलो.

“बी चांगलं आहे. तुझ्या परसात एखादी मधमाशी तरी फिरते का, ते बघ आधी.”

“माझ्या परसात माशी? मग इतकी वर्षं मी काय झक मारली?”

झकच मारली होती. पण ते कळायला नऊ वर्षे गेली, आणि आमचे बोलणे बंद झाले ते एकोणीस वर्षे.

त्या नऊ वर्षांत ही रोज सकाळी मुलाचा जुना रंगाचा ब्रश घेऊन नरफुलातला पराग मादीफुलाला लावायची, तेव्हा कुठे भोपळे मिळायचे. मला वाटे, हौस आहे. एकदा तिला ताप आला आणि ब्रश माझ्या हाती आला. चाळीस फुले झाली आणि मी कंबर धरून खाली बसलो. ही खिडकीतून म्हणाली, “अहो, मधमाशी हेच काम गुणगुणत करते. आणि तुम्ही तिलाच मारत हिंडता.”

त्या दिवशी पंप खाली ठेवला तो ठेवलाच.

दोन वर्षे नुसते गवत. तिसऱ्या वर्षी एक काळा भुंगा आला, चौकटीत भोक पाडून घर करू लागला, तेव्हा आम्ही दोघे त्याला बघायला दारात उभे. मग मधमाश्या, चतुर, बेडूक, कोळी, कोळ्यांवर डोळा ठेवून पक्षी. डासही कमी झाले. मी डास मारायला जाऊन डास खाणारेच आधी मारत होतो. यंदा ब्रश लागला नाही आणि भोपळे तेवीस! इतका आनंद झाला आहे की मरायची मुळीच घाई नाही. पण गल्लीतल्या ज्या बागा मी सुन्या केल्या, तिथे अजून काही परतलेले नाही. आमच्या कुंपणावरून पलीकडे जाईल तेवढेच जाईल. ते फरशीखाली गाडू नका.

कलम तीन. ब्रश बायकोकडे राहावा आणि पुन्हा कुणाला लागू नये.

कलम चार. पंप बियाणेवाल्याला द्यायचा होता. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका. म्हणून आजच तो त्याच्या दुकानाच्या पायरीवर ठेवून आलो, सोबत एक भोपळा आणि ‘सहीला ये’ अशी चिठ्ठी. भोपळा त्याच जुन्या बियाण्याचा, ही दरवर्षी बी धरून ठेवत आली. माफी मृत्युपत्रात बसते का, असे विचारले. वकील म्हणाले, ती मालमत्ता नव्हे. तरी लिहितो: दोस्ता, बी चांगले होते, चूक माझी होती.

साक्षीदार मला तोच हवा. तो आला नाही तर कागद अर्धाच राहील आणि मुलगा फरशीवाल्याला बोलावेल. त्याची जागा खाली मोकळी ठेवतो.

ठिकाण: मागच्या दाराची पायरी.
दिनांक: तेविसावा भोपळा काढला तो दिवस.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार: शेजारच्या मास्तरीणबाई (सही). सही केली, पण यांच्या परसातल्या गवताबद्दल माझे मत बदललेले नाही.

साक्षीदार: बियाणेवाला (सही). सगळे वाचले. हे वाण माझ्या दुकानातून संपून बारा वर्षे झाली, कुठेच मिळत नव्हते. वहिनींना सांग, मूठभर बी माझ्यासाठी बाजूला ठेवा. उद्या चहाला येतो.