जिन्याचं वळण

धनूदादा,

अप्पांना घरातून कसं नेलं, हे तू विचारलंच नाहीस. तू पुण्याहून थेट अमरधामला आलास, तेव्हा ते तिरडीवर नीट निजलेले होते. ती तिरडी आम्ही खाली पार्किंगमध्ये बांधली होती. तू आखलेल्या या घरकुलाच्या जिन्यात तिरडी वळत नाही. वरच्या मजल्यांवरचे सगळे असेच जातात, खुर्चीत बसून. अप्पांनाही आईच्या लुगड्यानं प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलं आणि पुढे झुकू नयेत म्हणून तोंड वर, आपल्या दाराकडे ठेवून उतरवलं.

जाणाऱ्याला परतीची वाट कळू नये म्हणून तर विसाव्याला तिरडी फिरवतात ना? अप्पा दाराकडे बघत बघत गेले.

आता ती खुर्ची वळणावर असते. मी रोज गच्चीत नेऊन ठेवते. दिवेलागणीला ती पुन्हा तिथेच, आपल्या दाराकडे तोंड करून. शेजारची पूजा भाजी घेऊन येताना म्हणते, "पाय घ्या जरा, अप्पा," आणि अंग चोरून वर येते.

पुढच्या इमारतीलाही तू हाच जिना देतोयस, असं ऐकलं. दादाला सगळं कळवते म्हटलं, तर आई म्हणाली, "नको गं. त्याच्या जिवाला लय लागंल."

हल्ली ती भिंतीला टेकून, बसूनच झोपते. अंथरूण घातलं की म्हणते, "राहू दे. आडवं निजायची सवय मोडलेली बरी."

तुझी,
मोहिनी